राख म्हणजे कोणती, बाई?

बाई, आज मी तुले 'तू' म्हणणार आहे. चालवून घे. एरवी माझ्या तोंडून 'तुम्ही' निघते आणि राग आला का 'तू', हे साऱ्या घराले मालूम आहे. आपण दोघी जावा भांडलो का मोठे भाऊजी ओसरीवर बसून कान देत आणि आमच्या यांना म्हणत, "पमा 'तू'वर आली रे. आता सयपाकाची आशा नोको." आज अकरावा दिवस आहे तुले जाऊन, अन् मी 'तू'वरच आहे.

राग कायचा, ते मात्र मलेच धड सांगता येत नाही. एकदा वाटते तू गेली म्हणून आहे. एकदा वाटते, जाता जाता अर्धाच शब्द बोलून गेली म्हणून आहे. आणि कालपासून तिसरंच कारण निघालं आहे, ते पुढं येतेच.

त्या सकाळी तू शेगडीवर चहा केला, मले कप दिला, आणि "छातीत कसंतरीच होऊन राहिलं" म्हणून पाटावर बसली. पवनीच्या दवाखान्यातून भंडाऱ्याले नेत होते तेव्हा गाडीत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. तू डोळे उघडले. "पमे," म्हणाली. मंग थांबून "शेगडी". मंग बऱ्याच वेळानं "राख". एवढंच. मी म्हटलं, "हाव बाई, हाव." कायले हाव म्हटलं, देव जाणे. समोरचं माणूस बोललं का हाव म्हणायची सवय, तशी म्हणाली. त्यानंतर तू काही बोलली नाही.

आता बस म्हणा विचार करत. राख म्हणजे चुलीतली राख, भांडे घासायची? का राख म्हणजे राखणं, शेत राखते, मान राखते, तशी राख? 'शेगडीतली राख काढ' म्हणाली का 'शेगडी राख, भंगारात देऊ नोको' म्हणाली? का शेगडी न् राख हे दोन्ही बोलून तिसरंच काही सांगत होती, 'ते गोष्ट राख, कोणाजवळ बोलू नोको'? करजो, ठेवजो, काढजो असं तू जन्मभर शेवटाले 'जो' लावून बोलली. एक 'जो' लावला असता तर तुझं काय गेलं असतं? 'राखजो' म्हटलं असतं, मी समजली असती. 'राख काढजो' म्हटलं असतं, तरी समजली असती.

भंडारा जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले त्या वर्षी मी लग्न होऊन आसगावात आली. माझं माहेर अर्जुनीकडचं, ते गोंदियात गेलं. तू मोठी जाऊ. पहिल्याच महिन्यात चिडवलं मले, "पमे, तुझं माहेर आता परमुलखात गेलं. रुसून जाशीन तं दोन जिल्ह्याची परवानगी लागन." मी रडली होती. तू घाबरली, आणि मंग मले हसवाले तू स्वतःच रुसून दाखवलं, गाठोडं घेऊन विहिरीपर्यंत गेली. सासूबाई खरंच समजल्या न् तुले आणाले मागून धावल्या. अशी तू.

शेगडी आली ती बचत गटातून. धानाच्या भुश्याच्या गोळ्या जाळायची, खाली बारका पंखा असलेली. गोळ्या कशा, तर खडूचे तुकडे असतात तशा. गटात आपण दोघी सोडून बारा बाया, पण पवनीले दोन दिवस शिकाले तुलेच पाठवलं. चौथी शिकलेली तू, आली ते मास्तरीण होऊनच आली. ओसरीवर साऱ्याजणींना बसवून शेगडी मधात ठेवली.

"पेटवता तं कोनालेही येते," तू म्हणाली. "राख काढता आली पाह्यजे. पह्यले पंखा बंद. पंखा चालू ठेवून आतलं गोळ्याचं भांडं उचलाल तं राख तोंडावर येईन, भूत दिसाल."

बाया हसल्या. तू हसली नाही.

"मंग थांबाचं. वरून राख पांढरी दिसते, थंडी दिसते, तिच्या पोटात इस्तो असते, लाल निखारा. सकाळची राख दुपारी, रातची सकाळी. हाताची पाठ वरून धराची, हात लावाचा नाही. ऊब लागली का अजून थांबाचं. बादली लोखंडाची, वर झाकन. प्लास्टिक नाही, टोपलं नाही, पोतं नाही. बादली तनशीपासून, वाळल्या काडीपासून दूर, मोकळ्या जमिनीवर. एक दिवस तशीच राहू द्याची, मंग लिंबाच्या झाडाले टाका का भांडे घासा."

"पानी टाकलं तं लवकर थंडी नाही होत का?" कौतिकाबाईनं विचारलं. शेजारची कौतिकाबाई, तिले प्रश्न विचारल्याशिवाय जेवण पचत नाही.

"तापल्या तव्यावर पानी टाकून पाह्यलं का कदी? लोखंड तडकन. आन् पंख्यात पानी गेलं तं शेगडी मेली. छिद्रं बुजली तं तारेनं मोकळी कराची, जाळी सुक्या फडक्यानं पुसाची, नाकाले पदर बांधाचा. तोंडानं फुकाचं नाही, कौतिका! तुले फुकाची लय सवय."

मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, राख काढायचं काय शिकवून राहिली, चूल काय आज पाहिली का आम्ही? खरं सांगते, जळली मी. घरात बारावी झालेली मी, आणि पुढं बसली तू.

आपलं भांडण तेव्हापासून लागलं. माझ्या आईचा नियम, शिळ्या राखेवर चूल पेटवू नये, राख आधी निघाली पाहिजे, मंगच सयपाक. घरात शिळी राख म्हणजे दळिद्र. तुझा नियम, राख गरम असेल तर हात लावू नये, सयपाक गेला तेल लावत. मी म्हणायची, "माझी आय का येडी होती?" तू म्हणायची, "तुझ्या आयची चूल मातीची होती, तिच्यात राख रातभर आपोआप थंडी होये. हे लोखंड हाये, पमे." मी म्हणायची, "नियम तो नियम." तू म्हणायची, "मंग दोन नियमाची भाजी कर न् खाय." असं रोज.

आणि दिवाळीनंतरचा तो दिवस. धान निघालं होतं, तनशीचा ढीग मागच्या आवारात रचला होता. दुपारी सोयरे आले, जेवून उठले, म्हणाले संध्याकाळी चहा घेऊनच जाऊ. तू आणि भाऊजींनी त्यांना शेत दाखवाले नेलं. जाताना मले म्हणाली, "शेगडीले हात लावू नोको, गरम हाये. चहा गॅसवर कर." बस, माझं डोकं फिरलं. पाहुण्यांदेखत मले सांगते, जशी मी पोट्टीच! मी भांडं उचललं. राख पांढरीधोट होती, एक ठिणगी दिसेल तर शपथ. उपडी केली ते कशात, तर निळ्या प्लास्टिकच्या टोपल्यात, आणि टोपलं नेऊन ठेवलं उकिरड्याच्या कडेले. तनस तिथून चार हातावर होती. येऊन शेगडी पेटवली, मोठ्या तोऱ्यात.

पुढचं तुले सांगायची गरज नाही, आग पाहून तूच धावली होती. वारा सुटला. चहात साखर टाकत होती मी आणि बाहेर "आग, आग" ओरडा झाला. तुम्ही शेतातून धावत आले. भाऊजी विहिरीवर, आमचे हे पाईप घेऊन, शेजारी घागरी घेऊन, आणि तू कुठं, तर सरळ गोठ्यात. वासरू बांधलेलं होतं. दावं सुटेना, तू हातानं ओढलं, वरून जळती तनस पडली. उजव्या हाताची पाठ भाजली तुझी. अर्धी तनस गेली, गोठ्याचं छप्पर काळं पडलं, वासरू वाचलं.

सारं गाव जमलं होतं. कोणीतरी विचारलंच, "लागली कशी?" मी तोंड उघडलं होतं, बाई. आज तुझ्यासमोर खरं सांगते, उघडलं होतं, पण काय निघालं असतं ते मले माहीत नाही. त्याआधी तूच बोलली, हात पाण्याच्या बादलीत घालून. "माह्यानंच झालं. घाईघाईनं राख टाकली न् गेली शेतात."

त्या आठवड्यात शाळेच्या खिचडीचं काम कोणाले द्यायचं ते ठरणार होतं. गटातून माझं नाव होतं. गरम राख तनशीजवळ ठेवणाऱ्या बाईच्या हाती शंभर लेकराइची चूल कोण देईल? तुले ते त्याच घडीले सुचलं. मले मात्र दोन दिवसांनी समजलं, काम मिळाल्यावर. मी तुझ्याजवळ आली, "बाई, मी सांगून देते," म्हटलं. तू डाव्या हातानं भाकर थापत होती. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाली. "कामाले जाय. उशीर होईन."

चार महिने झाले त्याले. चार महिने गाव तुले हसलं. कौतिकाबाई तर रस्त्यात थांबवून म्हणायची, "काय मास्तरीनबाई, दिव्याखाली अंधार!" आणि तू तिच्यासंगं हसायची. बारा बाया तुझ्या शब्दावर राख काढायला शिकल्या आणि तूच नापास ठरली. मी शाळेत खिचडी ढवळत राहायची आणि चोराच्या मनात चांदणं. कोणी "राख" म्हटलं तरी माझे कान तापायचे. तुझ्याशी भांडण काढायची मी, मुद्दाम, तू एकदा तरी तोंडावर म्हणशील म्हणून: 'तूच लावली आग, भवाने.' तू म्हणालीच नाही. फक्त राख पाहायची असली का डावा हात पुढं करायची, उजव्या हाताच्या चामडीले ऊब समजत नव्हती आता. ते पाहिलं का मले जेवण जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नदीवर जायचं होतं, तुझी राख सावडाले. भाऊजी अंगणात उभे होते. तीन दिवसात माणूस अर्धं झालं तुझं. हातात बादली घेऊन निघाले, आणि मी पाहिलं, बादली प्लास्टिकची. निळी. बाई, मले काय झालं मालूम नाही. पन्नास माणसांत मी ओरडली, "प्लास्टिक नोको! लोखंडी न्या! आधी हाताची पाठ धरून पाहा!" सारे माझ्याकडे पाहाले लागले. एक म्हातारी म्हणाली, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.  भाऊजी वापस फिरले, तुझी झाकणाची लोखंडी बादली घेतली आणि गेले. आल्यावर माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाले, "थंडी होती, पमा. पाह्यलं मी हात धरून." मंग मी जी रडली ती रडलीच.

तुझी राख वैनगंगेत गेली. पण शेगडीत तुझ्या शेवटच्या चहाची राख तशीच होती. मी तिच्याकडे जातच नव्हती. शेगडीतली राख काढली तर तुझ्या हातचं शेवटचं काम मोडते, न काढली तर तुझा शेवटचा शब्द मोडते, अशी सारी पंचाईत. आमचे हे म्हणाले, गॅस आहे न, देऊन टाकू शेगडी. मी त्यांच्यावर अशी धावली की दोन दिवस ते स्वयंपाकघरात आले नाही.

शनिवारी काढली शेवटी. पदर नाकाले बांधला. पंखा बंदच होता, तरी दोनदा पाहिलं. हाताची पाठ धरली. सात-आठ दिवसांची राख, ऊब कुठून असणार? तरी धरून उभी राहिली मी. भांडं उचललं, बादलीत हळूच उलटं केलं. तळाले भुश्याचे कडक खडे चिकटले होते, ते उलथन्याच्या टोकानं काढले. छिद्रं तारेनं मोकळी केली, जाळी पुसली. सारं तू शिकवलं तसं, कोपऱ्यात उभी राहून जळत-जळत ऐकलं होतं ते. निघाली किती राख? मूठभर. एका चहाची मूठभर. तुझ्या देहाची राख नदीत सोडताना घरच्यांनी हात मागं घेतला नाही, आणि ही मूठभर राख मले टाकवेना. झाकण लावून ठेवून दिली.

काल रविवारी बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. वंदना झाली. मंग एकेक माणूस तुझ्याबद्दल बोललं. गटाच्या बाया बोलल्या, हेडमास्तर बोलले. कौतिकाबाई उभी राहिली. रडत-रडत बोलली आणि रडत-रडतच तिची जुनी गोष्ट काढली, "आमाले राख शिकवता शिकवता मास्तरीनबाईच्याच तनशीले आग लागली." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. चांगल्या मनानं हसले, मले कळते ते. पण तुझ्या फोटोसमोर हसले. आता हे असंच राहणार, मले वाटलं. माणूस गेलं, गोष्ट राहिली, आणि गोष्ट खोटी.

मी उभी राहिली.  तू 'राख' म्हणाली होती, आणि ते 'गोष्ट राख' असेल तर मी तुझा शब्द मोडत होती, 'नाव राख' असेल तर पाळत होती. काय असेल ते असो, म्हटलं. खिचडीचं काम जाईल तर जाईल. "आग बाईनं नाही लावली," मी म्हणाली. "मी लावली. राख मी टाकली, प्लास्टिकच्या टोपल्यात. बाईनं मले नाही म्हटलं होतं. तिनं माझं आपल्या अंगावर घेतलं."

 हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. मंग कौतिकाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "बस खाली, पमा. आमाले मालूम हाये."

"काय मालूम हाये?"

"हेच. दुसऱ्याच दिवशी मालूम झालं. उकिरड्यावर निळ्या प्लास्टिकचा गोळा पडला होता वितळून. बाई मरन पन प्लास्टिकात राख टाकन का? आमी गेलो तिले विचाराले. तं म्हने, पमाचं काम होऊन राहिलं, तिचं नाव राखा. मी म्हनलं, लोक विचारतीन. तं म्हने, तू माह्यावर हास. लोक हासाले लागले का विचारनं सोडतात." कौतिकाबाईनं पदरानं नाक पुसलं. "चार महिने हासली मी तिच्यासाठी. आज बी तिच्याच शब्दासाठी हासली. आता तूच सांगून टाकलं तं माही सुटका झाली, माय."

बाराही बायांनी माना हलवल्या. बाराही! मी भाऊजींकडे पाहिलं, तर ते खाली पाहून राहिले. म्हणजे त्यांनाही मालूम. मी तिथंच बसली. हेडमास्तर निघताना माझ्यापाशी थांबले. मी मनात म्हटलं, गेलं काम. ते म्हणाले, "शाळेत राख कशात काढता तुम्ही?" मी म्हटलं, "लोखंडी बादलीत. झाकण लावून. दुसऱ्या दिवशी टाकते." "मंग उद्या वेळेवर या," म्हणाले.

तर हा तिसरा राग, बाई. साऱ्या गटाले मालूम आणि मलेच नाही! चार महिने मी एकटी चोरावाणी जगली, आणि तुम्ही साऱ्याजणी माझ्याभोवती कडं करून उभ्या होत्या. मले एक शब्द सांगितला असता तर? का सांगितलं असतं तर मी काम सोडून दिलं असतं, हे तुले मालूम होतं? सोडलंच असतं, खरं आहे. पण गोष्ट जर गटानं आधीच राखली होती, नाव जर कुठं गेलंच नव्हतं, तर मंग गाडीत तू मले काय राखाले सांगत होती? रात्रभर हाच विचार केला. जितका विचार करते तितकी गुंततेच.

आज सकाळी शेगडी पेटवली. पहिल्यांदाच, तू गेल्यावर. पंखा सुरू झाला आणि त्याचा घर्र आवाज ऐकून भाऊजी ओसरीवरून आत आले. दारात उभे राहिले, मले पाहिलं, आणि पाटावर बसले. मी त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "साखर जास्त झाली." मी म्हटलं, "बाई कमी टाकत होती." ते म्हणाले, "हाव."

चहाचं भांडं, तो तुझा गंज, बुडाले काळा झाला होता. ती मूठभर राख काढली आणि त्याच राखेनं घासला. तू असती तर हेच म्हणाली असती, टाकते कायले? लख्ख निघाला. एवढं तरी तुझ्या मनासारखं झालं असेल, असं धरून चालते. बाकीचं मले समजलं नाही, आणि आता तू सांगायलाही नाही.

शाळेत जायले अजून वेळ आहे. आतापर्यंत तीनदा उठून पाहून आली मी. बाई, राख वरून पांढरी झाली आहे, एकदम थंडी दिसते. पण हाताची पाठ धरली तर अजून ऊब आहे. तुम्ही सांगितलं तशी थांबून राहिली आहे मी.